कुत्र्याच्या केसांतला गुंता घरच्या घरी कसा सोडवावा

गोल्डन रिट्रिव्हर, पॉमेरेनियन किंवा लासा अप्सो पाळणाऱ्यांना पावसाळ्यात एक सल्ला हमखास मिळतो: आधी अंघोळ घाला, गुंता सैल पडेल. हा सल्ला कृपया ऐकू नका. गळलेले केस उभ्या केसांत अडकून गुंता तयार होतो, आणि तो भिजून तसाच वाळला की आवळून नमद्यासारखा घट्ट बसतो. त्याच्या बुडाशी ओल आणि शाम्पू कोंडून राहतो व कातडीला खाज सुटते, ती वेगळीच. गुंता कोरडाच सोडवावा आणि अंघोळ त्यानंतर घालावी.

बारीक वाकड्या तारांचा स्लिकर ब्रश, स्टीलचा कंगवा आणि वाटीभर कॉर्नफ्लोर एवढे सामान पुरते. खोबरेल तेल लावू नये. त्यावर धूळ बसते आणि कुत्रा ते चाटत राहतो.

वरून नीट विंचरलेल्या कुत्र्यालाही आत गुंते असू शकतात, म्हणून बोटे थेट कातडीपर्यंत घालून कानांमागे, काखांत, जांघांत, गळपट्ट्याखाली आणि शेपटीच्या बुडाशी चाचपून पाहावे.

खरी कसोटी यापुढे आहे, आणि मलाही सर्वांत जास्त झगडावे लागले ते इथेच. गुंता आणि कातडी यांच्या मधले केस एका हाताच्या अंगठ्याने व तर्जनीने घट्ट धरावेत, म्हणजे सगळी ओढ आपल्या चिमटीवर येते आणि कुत्र्याला दुखत नाही. ही पकड सुटली की कुत्रा एकदाच कळवळतो आणि पुढच्या वेळी कंगवा पाहताच पलंगाखाली जातो. गुंत्यात चिमूटभर कॉर्नफ्लोर चोळून बोटांनीच त्याचे केसांच्या वाढीच्या दिशेने दोन-तीन उभे भाग करावेत. मग कंगव्याचे फक्त शेवटचे एक-दोन दात गुंत्याच्या टोकाला लावून थोडे थोडे केस मोकळे करत मुळाकडे यावे. मुळापासून कंगवा ओढणे म्हणजे केस उपटणेच होय. कुत्रा वारंवार जांभया देऊ लागला, ओठ चाटू लागला किंवा अंग आखडून बसला, तर तिथेच थांबावे. उरलेला गुंता उद्या सोडवता येतो.

कात्रीबाबत माझे मत ठाम आहे: ती हातातही घेऊ नये. घट्ट गुंता कातडी वर ओढून घेतो, तिची घडी गुंत्याच्या आत शिरते आणि बाहेरून मुळीच दिसत नाही. काखेत आणि कानामागे तर कातडी इतकी पातळ असते की एका कापात टाके घालण्याची वेळ येते. ‘मध्ये कंगवा धरून कापा’ असे सांगणाऱ्यांनी खरोखर घट्ट गुंता पाहिलेला नसावा, कारण त्याखाली कंगवा शिरतच नाही. असा गुंता क्लिपरला, म्हणजे केस कापायच्या यंत्राला, १० नंबरचे ब्लेड लावून, कातडी ताणून धरून आणि ब्लेड तिला समांतर ठेवून काढावा. ब्लेड लवकर तापते, त्यामुळे दर काही मिनिटांनी ते आपल्या मनगटाला लावून पाहावे. कानाचा मोठा गुंता काढल्यावर कुत्रा जोरजोराने डोके झटकत राहिला, तर कानाच्या पाळीत रक्त साकळून ती फुगू शकते, तेव्हा त्या दिवशी लक्ष ठेवावे.

मात्र गुंता काढायचा म्हणून, किंवा उन्हाळा आला म्हणून, गोल्डन किंवा पॉमेरेनियनचे सगळे अंग भादरू नये. त्यांच्या दुहेरी केसांमुळे, म्हणजे वरचे लांब केस आणि आतली मऊ लव यांमुळे, उन्हापासूनही संरक्षण मिळते, आणि भादरलेले केस पुन्हा पूर्वीसारखे येतीलच असे नाही.

अंघोळीनंतर टॉवेल न घासता दाबून पाणी टिपावे आणि ड्रायरच्या गार हवेने केस मुळापर्यंत वाळवावेत. दमट हवेत आतली लव ओली राहिली तर कातडीवर चिघळणारे चट्टे उठतात. पुढे एक दिवसाआड केसांचे थर उचलून कातडीपासून टोकापर्यंत विंचरावे.

गुंत्याखालची कातडी लाल, ओलसर किंवा दुर्गंधीयुक्त असेल, तिथे अळ्या दिसल्या, किंवा सगळ्या अंगाचा एकच जाड थर झाला असेल, तर घरी प्रयत्न न करता पशुवैद्यांकडे जावे. ते गुंगीचे औषध देऊन वेदना न होता केस काढू शकतात. माणसांची झोपेची गोळी मात्र कुत्र्याला कधीही देऊ नये.