गच्चीवर मोगली: लहानपणीच्या कार्टूनचा सिनेमा घरच्या सगळ्यांना कसा दाखवावा

१९९३ मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगली लागायचा तेव्हा कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली आमची गल्ली सामसूम व्हायची. टीव्ही मोजक्याच घरांत. ज्यांच्याकडं होता त्यांच्या सोप्यात आम्ही पंधरा-वीस पोरं मांडीला मांडी लावून बसायचो. गुलजारांचे शब्द, विशाल भारद्वाजांची चाल, आणि शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज. ते शीर्षकगीत कुठं वाजलं की आजही माझे पाय थबकतात.

आता माझा थोरला दहा वर्षांचा आहे, धाकटी सहाची. २०१६ चा 'द जंगल बुक' त्यांना दाखवायचा माझा पहिला प्रयत्न फसला. भर दुपारी सिनेमा लावून दिला आणि दर पाच मिनिटांनी 'आमच्या वेळी असं नव्हतं' म्हणत राहिलो. थोरला बॉल घेऊन खाली पळाला, धाकटी अर्ध्यात रडायला लागली. पुढच्या मे महिन्यात नीट तयारी करून गच्चीवर पडदा बांधला, तेव्हा माझ्या आईपासून धाकटीपर्यंत सगळे शेवटपर्यंत बसले. मधल्या काळात काय काय बदललं ते इथं सांगतो. तुमच्या लहानपणीचं कार्टून वेगळं असेल, पण वाट हीच धरा.

पहिलं काम: आपलीच आठवण तपासा

आपण जे बघितलं होतं आणि आता जे दाखवणार आहोत ते एकच आहे का, हे आधी बघा. मोगलीच्या बाबतीत इथंच मोठा घोळ होतो. आपण रविवारी बघायचो ती जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनची मालिका, १९८९ ची, ५२ भागांची. जॉन फॅवरोंचा २०१६ चा सिनेमा तिच्यावरून केलेला नाही. तो निघालाय डिस्नेच्या १९६७ च्या कार्टूनपटावरून आणि रुडयार्ड किपलिंगच्या १८९४ च्या पुस्तकावरून. म्हणजे मालिकेतला तांबडा पांडा किची सिनेमात शोधू नका. मोगलीचं ते बूमरँगही नाही.

बूमरँगचं मला फार वाईट वाटलं होतं. सुताराकडून पॅकिंगच्या फळीचा तुकडा आणून आम्ही ते घासून घासून केलं होतं. फेकलं ते परत आलंच नाही, शेजारच्या काकूंच्या छपराचं कौल फोडून आत पडलं. ही गोष्ट मी मुलांना सिनेमाच्या आदल्या रात्री सांगितली, सिनेमा चालू असताना नाही. सगळ्यात मोठा फरक यानंच पडला. जे सांगायचं ते आदल्या दिवशी सांगून मोकळं व्हा, म्हणजे पडद्यावर चित्र हलायला लागल्यावर ते तुमच्या तोंडाशी येत नाही.

त्याच रात्री शीर्षकगीत ऐकवा. मालिकेचा एखादा भाग मिळाला तर तेवढाच दाखवा, जास्त नको. त्यावर मुलांनी 'चित्रं किती साधी आहेत' म्हटलं तर म्हणू द्या. त्यांच्या डोळ्यांना ती साधीच दिसणार.

नावांची ओळख

मराठी पोरांना ही गोष्ट जवळची वाटायला फार कष्ट पडत नाहीत. किपलिंगचा जन्म १८६५ चा, मुंबईचा, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारातला. पुस्तकातली बरीच नावं हिंदुस्थानीतूनच उचललेली: बल्लू म्हणजे भालू, हाथी म्हणजे हत्ती, अकेला म्हणजे एकटा. जंगल मध्य प्रदेशातल्या सिवनीचं, आपल्या नागपूरच्या वरच्या अंगाचं. थोरल्याला मी नकाशात सिवनी दाखवली, तर त्यानं लगेच बोटांनी कोल्हापूरपासूनचं अंतर मोजलं.

भीतीची जागा आधी ओळखून ठेवा

मुलांचं कार्टून म्हटलं की आपण निर्धास्त असतो. पण कार्टूनमधला वाघ आणि केसन् केस खरा वाटणारा वाघ यांत फरक आहे. भारतात या सिनेमाला यू/ए प्रमाणपत्र मिळालं होतं, म्हणजे लहान मुलांनी मोठ्यांच्या सोबतीनं बघावा असा. २०२४ च्या नियमांपासून यूएचे ७, १३ आणि १६ वर्षं असे तीन गट झालेत, त्यामुळं नव्या सिनेमाला जाताना तिकिटाआधी तो आकडा बघत जा.

या सिनेमात धाकट्या मुलांना जड जाणाऱ्या जागा चार आहेत. उंच गवतातून शेरखान झेप घेतो ती. 'का' अजगर मोगलीला विळखा घालते ती. पडक्या देवळातला किंग लुई या अवाढव्य वानराचा पाठलाग. आणि शेरखान अकेलाला मारतो तो प्रसंग. हा शेवटचा क्षणात घडतो, सावरायला वेळच देत नाही. आमची धाकटी तिथंच रडली होती. दुसऱ्या वेळी मी तिला आधीच सांगितलं की म्हातारा लांडगा मरणार आहे. गोष्ट फोडली म्हणून थोरला रागावला, पण ती आज्जीच्या मांडीत सरकून बसली आणि तिनं डोळे उघडे ठेवले. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी एवढी गोष्ट फोडावी, असं माझं ठाम मत आहे.

भाषा घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारून ठरवा

मुलं इंग्रजी माध्यमातली असली तरी हिंदी आवृत्ती लावा. सबटायटल वाचत बसणं आज्जी-आजोबांना जमत नाही, आणि ती माणसं उठून गेली की घरच्या सिनेमातला अर्धा जीव जातो. या हिंदीत बगीरा या काळ्या बिबट्याला ओम पुरी, बल्लूला इरफान खान, 'का'ला प्रियांका चोप्रा, मोगलीला वाढवणाऱ्या रक्षा लांडगीला शेफाली शाह आणि शेरखानला पुन्हा नाना पाटेकर यांचा आवाज आहे. पाण्याच्या खडकावर शेरखान पहिल्यांदा बोलला तशी आईनं जपमाळ थांबवली. "ह्यो नाना न्हवं?" म्हणाली. १९९३ साली ती स्वयंपाकघरातून हाच आवाज ऐकायची, टीव्हीसमोर बसायला तिला कधी सवडच मिळाली नव्हती. मोगली तिनं सलग बघितला तो त्या रात्री, पहिल्यांदा.

पडदा

टीव्ही मोठा असेल तर हा भाग सोडून द्या. पण गच्चीची मजा वेगळीच. गणपतीत गल्लीत पडदा लावून दाखवलेले सिनेमे ज्यांनी दोन्ही बाजूंनी बसून बघितलेत त्यांना हे पटवायला नको.

डबल बेडची पांढरी चादर घ्या, नक्षी नसलेली, इस्त्री केलेली. वरच्या दुमडीतून दोरी ओवून दोन खांबांना ताणून बांधा. खालच्या दुमडीत वेळूची काठी घाला, नाहीतर वाऱ्यानं चादर फुगते आणि बल्लूचं पोट हलत राहतं. चादरीच्या मागं काळपट घोंगडं सोडलं तर उजेड आरपार जात नाही, चित्र गडद दिसतं. प्रोजेक्टर साउंड-लाइटवाल्यांकडं भाड्यानं मिळतो. सहा फूट रुंद चित्रासाठी तो साधारण आठ-नऊ फुटांवर ठेवावा लागतो, मॉडेलप्रमाणं थोडं मागं-पुढं. स्पीकर पडद्याच्या पायाशी ठेवा आणि वायरनं जोडा. ब्लूटूथवर कधी कधी ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो.

सिनेमा ज्या ॲपवर हक्कानं मिळतो तिथून दुपारीच डाउनलोड करून ठेवा. मे महिन्यात कोल्हापुरात नीट अंधार पडायला साडेसात होतात, त्याआधी चित्र फिकं दिसतं. सिनेमा १०६ मिनिटांचा आहे. साडेसातला लावला तर मध्ये दहा मिनिटं थांबूनही साडेनऊला मुलं अंथरुणात जातात. आणि बोलवायचं ते घरच्याच माणसांना. अख्ख्या गल्लीला दाखवायचं म्हटलं की तो सार्वजनिक खेळ होतो, त्याला हक्कधारकांची परवानगी लागते.

खायला भडंग करा. कांदा-कोथिंबीर मात्र ऐन वेळी घाला, नाहीतर मऊ पडतो. वाट्या आधीच भरून ज्याच्या-त्याच्या हातात द्या.

चालू असताना

गप्प बसा. मुलानं विचारलं तर एका वाक्यात सांगा. आपण मुलाच्या चेहऱ्याकडं सारखं बघत असतो, त्याला आवडतंय का म्हणून. मुलांना ते कळतं आणि मग ती आपल्यासाठी हसायला लागतात. मी मुद्दाम त्यांच्या मागं बसलो.

मागं बसल्यामुळंच एक गोष्ट कानावर आली. दुष्काळात नदी आटते, मधला खडक उघडा पडतो आणि त्या दिवसापासून पाण्यावर कुणी कुणाची शिकार करायची नाही असा जंगलाचा नियम लागू होतो. ते बघून थोरला बहिणीच्या कानाशी म्हणाला, "आपल्या राजाराम बंधाऱ्यासारखंच की, फक्त उलटं." दर पावसाळ्यात तिथं पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ ला धोका, हे आमची पोरं पाढ्यांसारखं पाठ म्हणतात. तो खडक मला माझ्या लहानपणाशी जोडायचा होता. त्यानं तो आपल्या नदीशी जोडला, आणि मला ते जास्त आवडलं.

संपल्यावर

त्या रात्री 'कसा वाटला' म्हणून विचारू नका. दुसऱ्या दिवशी एकच माहिती द्या: त्या जंगलातला जवळजवळ एकही प्राणी खरा नाही. सिनेमा लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत झाला. नील सेठी हा मुलगा खरा, समोर कधी बाहुली, कधी नुसता निळा पडदा, आणि बाकी जंगल संगणकावर उभं केलेलं. दृश्य परिणामांचं ऑस्कर सिनेमाला मिळालं ते यासाठीच. मग मुलांना करून बघू द्या. थोरल्यानं उशीला वाघ केलं आणि धाकटीला तिच्याकडं बघून घाबरायला सांगितलं. सहाव्यांदा ती खरोखर घाबरल्यासारखी दिसली. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात स्वतः कॅमेरा घडवला आणि १९२९ मध्ये जिथं प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली, त्या गावातल्या पोरांनी मोबाइलवर एवढं तरी करावंच.

जमलं तर सुट्टीत त्यांना न्यू पॅलेसच्या संग्रहालयात न्या. तिथं पेंढा भरलेला खरा वाघ आहे. त्याच्यासमोर उभं राहिल्यावर त्याचा पंजा केवढा असतो ते कळतं. उन्हाळ्यात दाजीपूरही जवळ आहे. राधानगरीचं हे अभयारण्य गव्यांचं, पावसाळ्यात बंद असतं, म्हणून जून उजाडायच्या आत जा.

गच्चीवरची चादर मात्र त्या रात्रीच उतरवू नका. आमची तशीच राहिली होती. पहाटे पाणी सोडायला वर गेलो तर धाकटी टॉर्च घेऊन तिच्यामागं उभी होती आणि दोन्ही हातांच्या बोटांनी लांडग्याचे कान करत होती.