पदकांचे फोटो नकोत, यार्डातला टाइम पाठवा

माझी लेक ब्रेस्टस्ट्रोकवाली. अमेरिकेत डिव्हिजन टूच्या, म्हणजे कॉलेजच्या खेळांतल्या दुसऱ्या श्रेणीच्या, एका कॉलेजच्या संघातून पोहते, खेळाच्या शिष्यवृत्तीवर तिथेच शिकते. मी नाशिकला बँकेत कॅशियर. पोहायला मला आजही येत नाही. तरी सावरकर तलावावर गेले की कुणीतरी आई बाजूला घेऊन विचारतेच, "तुम्ही कसं जमवलं हो?" म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. खेळ वेगळा असेल तर आकडे बदलतील, रीत साधारण हीच.

आपल्या डोक्यात 'स्पोर्ट्स कोटा' बसलेला असतो. सर्टिफिकेटं जोडा, शिक्का मारा, सवलतीचे गुण घ्या. तिथे असलं काही नाही. कोचकडे ठरावीक पैसे असतात आणि त्या पैशांत तो संघासाठी स्पर्धेतले गुण विकत घेत असतो. आमच्या शेजारचे काका म्हणाले होते, "हार्वर्डला टाका, खेळावर घेतात." हार्वर्ड ज्या आयव्ही लीगमध्ये, म्हणजे नामांकित विद्यापीठांच्या गटात आहे, तिथे खेळाची शिष्यवृत्तीच देत नाहीत. डिव्हिजन थ्रीमध्येही नाही. शैक्षणिक मदत किंवा गरजेनुसार मदत मिळू शकते, पण ते खातं वेगळं. खेळासाठी पैसे हवे असतील तर एनसीएएची (कॉलेजांचे खेळ चालवणारी मोठी संघटना) डिव्हिजन वन आणि टू, नाहीतर एनएआयए या दुसऱ्या संघटनेची कॉलेजं आणि एनजेसीएए या तिसरीची दोन वर्षांची ज्युनिअर कॉलेजं. (हे ज्युनिअर कॉलेज म्हणजे आपली अकरावी-बारावी नव्हे. हा घोळ मी दोन महिने घातला.)

आपला सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळून २००७ आणि २००८ साली एनसीएएचा टेनिस एकेरीचा विजेता झाला. तेजस्विन शंकरने कॅन्सस स्टेट विद्यापीठाकडून एनसीएएची उंच उडी जिंकली. मुलांनी ही नावं भिंतीवर जरूर लावावीत. आईबापांनी मात्र वेगळी यादी काढायची. कॉलेज ज्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसांत स्पर्धा खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटात आहे, तिच्या गेल्या वर्षीच्या अंतिम स्पर्धेचे निकाल नेटवर असतात. आपल्या मुलीचा टाइम त्यात कितवा लागला असता, ते बघा. पहिल्या सोळात बसत असेल तर कोचच्या दृष्टीने ती म्हणजे गुण. पहिल्या तिनात बसली तर फोन येतो. तिसावी लागत असेल तर ते कॉलेज सोडून द्या, उगीच झुरू नका.

पण त्याआधी यार्ड. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या स्पर्धा २५ यार्डांच्या तलावात होतात, म्हणजे २२.८६ मीटर. आपली मुलं ५० मीटरमध्ये पोहतात. लेकीचा १०० मीटर ब्रेस्टचा टाइम होता १ मिनिट १६ सेकंद. यार्डात तो साधारण १ मिनिट ७ सेकंदांच्या आसपास येतो. हे रूपांतर करून देणाऱ्या साइट फुकट आहेत. मेलमध्ये दोन्ही टाइम द्या, स्पर्धेचं नाव आणि तारीख द्या, निकालाची लिंक द्या. पदकांचे फोटो नकोत. व्हिडिओ मोबाइलवर काढलेला चालतो, पण बाजूने काढा आणि स्टार्ट व टर्न नीट दिसू द्या. ड्रोन, संगीत, काही नको.

पहिले बारा मेल मी लिहिले. बँकेची भाषा, 'रिस्पेक्टेड सर, विथ रेफरन्स टू'. एकाचंही उत्तर नाही. मग लेकीने स्वतः सहा ओळी लिहिल्या: नाव, बारावीचं वर्ष, इव्हेंट, टाइम, मार्क, आणि तुमच्याच संघात का यायचंय याचं एक खरं वाक्य. तीस मेलना सात उत्तरं आली. आईबापांनी मागे राहावं हे मी तेव्हा शिकले. व्हिडिओ कॉलवर कोच मुलीशीच बोलतो. मी कॅमेऱ्याबाहेर पोळ्या लाटत बसले होते. मेल कधीही पाठवता येतो. पण बहुतेक खेळांत दहावीनंतरच्या १५ जूनच्या आधी कोचला भरतीविषयी उत्तर द्यायची मुभा नसते. तेव्हा नववीत कुणी उत्तर दिलं नाही म्हणून रडायचं नाही.

कागदपत्रांची खरी मेख नववीत आहे. एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरला, म्हणजे खेळाडूची पात्रता तपासणाऱ्या कार्यालयाला, नववी ते बारावीचे मार्क लागतात. एक विषय एक वर्ष म्हणजे एक एकक, अशी १६ एककं लागतात. डिव्हिजन वनला गणित तीन वर्षांचं लागतं, टूला दोन. म्हणून लेकीने अकरावीला कॉमर्स घेतलं तरी गणित सोडू दिलं नाही. दहावीपर्यंत ती मराठी शाळेत होती. नववीचं प्रगतिपुस्तक मराठीत, म्हणून मूळ प्रतीसोबत इंग्रजी भाषांतर जोडावं लागलं. शाळेच्या कपाटातून ते हुडकायला तीन चकरा झाल्या. तुम्ही नववीचा निकाल लागला की त्याच आठवड्यात स्कॅन करून ठेवा. एसएटी या प्रवेशपरीक्षेची अट एनसीएएने २०२३ साली काढली, काही कॉलेजं अजून मागतात. आणि बारावीनंतर 'ड्रॉप' घेण्याआधी त्या खेळाचा नियम वाचा. कॉलेजकडून खेळता येण्याची वर्षं त्यात जाऊ शकतात.

मध्ये एका एजंटने चार लाख मागितले, "फुल स्कॉलरशिप, शंभर टक्के" म्हणत. मी फक्त विचारलं, लेकीचा इव्हेंट कोणता? त्याला सांगता आलं नाही.

फुल स्कॉलरशिपचंही सांगते. डिव्हिजन टूमध्ये मुलींच्या जलतरण संघाला मिळून ८.१ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा आहे. आता वीस-पंचवीस मुलींत त्या वाटायच्या. प्रत्येकीला तुकडा येतो. (डिव्हिजन वनचे नियम २०२५ पासून पालटलेत, तेव्हा जुने व्हिडिओ बघून हिशेब मांडू नका.) आमचा ताळेबंद असा: फी आणि पुस्तकं २५,००० डॉलर, राहणं-जेवण १३,०००. एकूण ३८,०००. खेळाचे १४,००० मिळाले, मार्कांवर ११,०००. उरले १३,०००. मी लेकीला म्हटलं, कोचला विचार, बारावीचे मार्क आल्यावर शैक्षणिक रक्कम वाढेल का? विचारायला ती लाजत होती. विचारलं, आणि ३,००० वाढले. उरलेल्या १०,००० साठी एफडी मोडली. विमा, विमानाचं तिकीट, व्हिसाचा खर्च निराळाच.

ऑफरचा कागद आला की रक्कम सोडून आधी दोन गोष्टी वाचा: ती किती वर्षांसाठी आहे, आणि दुखापत झाली तर काय. आमचा कागद एकाच वर्षाचा होता, दरवर्षी नवा. पूर्वी नॅशनल लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे खेळाडूने कॉलेजला द्यायचं बांधिलकीचं पत्र असायचं, ते २०२४ मध्ये बंद झालं. आता कॉलेजचा आर्थिक मदतीचा करार हाच खरा. उरलेल्या रकमेचा आकडा आय-२० वर (व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद) छापून येतो आणि तेवढे पैसे तुमच्याकडे आहेत हे दाखवावं लागतं. व्हिसाच्या मुलाखतीला मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत जाताना बँकेचे कागद या आकड्याशी जुळवून न्या.

तिथे गेल्यावर नोकरी करून भागवेल, या भरवशावर राहू नका. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसमध्येच, आठवड्याला २० तास. त्यात पहाटेचा सराव. लेक जेवणाच्या हॉलमध्ये आठ तास करते, तेवढंच झेपतं.

आणि टॅक्स! हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. फी आणि पुस्तकांच्या वर जी शिष्यवृत्ती जाते, राहण्या-जेवणाची, तिच्यावर कर आहे. आमच्या शिष्यवृत्तीच्या एकूण २८,००० मधून फी-पुस्तकांचे २५,००० गेले, राहिले ३,०००, त्यावर १४ टक्के म्हणजे ४२० डॉलर कापले गेले. लेक घाबरून रात्री फोनवर. आमच्याकडे ३१ मार्चची गडबड, तिच्याकडे रिटर्न भरायला १५ एप्रिल. तो १०४०-एनआर हा कराचा फॉर्म आम्ही दोघींनी कॉलवर बसून भरला.