ऑकलंडचं लोकल बोर्ड: कुठलं काम घेऊन जायचं आणि कधी

इथे न्यूझीलंडच्या ऑकलंड शहरात नवीन आलेल्या आपल्या लोकांना वाटतं लोकल बोर्ड म्हणजे मुंबईतली प्रभाग समितीच असणार, पण तसं नाहीये. तिकडे समितीवर मुख्यतः त्या भागातले नगरसेवकच बसतात, इथे बोर्डाचे मेंबर वेगळे निवडून येतात आणि कौन्सिलर वेगळे. २०१० च्या नोव्हेंबरात सात जुनी कौन्सिलं आणि रिजनल कौन्सिल एकत्र करून एकच मोठं ऑकलंड कौन्सिल झालं, त्यात मेयर आणि २० कौन्सिलर मिळून गव्हर्निंग बॉडी, म्हणजे अख्ख्या शहराचं बघणारं मंडळ, आणि आपल्या गल्लीतलं बघायला २१ लोकल बोर्डं.

आधी आपलं बोर्ड कुठलं ते कौन्सिलच्या वेबसाइटवर पत्ता टाकून बघा, अंदाजाने जाऊ नका. सँडरिंगहॅम अल्बर्ट-ईडनमध्ये येतं, जवळच्याच माउंट रॉस्किलचा बराच भाग पुकेतापापामध्ये, म्हणजे मित्राचं घर हाकेच्या अंतरावर असलं तरी बोर्ड वेगळं असू शकतं.

आता बोर्डाकडे काय न्यायचं? लोकल पार्क, खेळाचं मैदान, लायब्ररी, कम्युनिटी सेंटर, स्विमिंग पूल, परिसरातले कार्यक्रम, सार्वजनिक जागी दारूबंदीचे पट्टे, इतकंच काय नवीन रस्त्यांची नावंसुद्धा बोर्डच ठरवतं. काय न्यायचं नाही: रेट्स (म्हणजे आपल्याकडची घरपट्टी) का वाढले, शेजाऱ्याच्या बांधकामाला परवानगी कशी मिळाली, पाण्याचं बिल. बोर्डाला स्वतःचा टॅक्स लावता येत नाही, स्वतःचा स्टाफ नेमता येत नाही, सगळा स्टाफ कौन्सिलचा. आणि झाड पडलंय किंवा पार्कातला दिवा गेलाय असलं काही असेल तर मेंबरच्या मागे लागू नका, कौन्सिलला सरळ फोन करा किंवा ऑनलाइन तक्रार टाका, बोर्ड ते दुरुस्त करायला माणूस पाठवत नाही. रस्ते-फुटपाथचं जरा गुंतागुंतीचं आहे, ते ऑकलंड ट्रान्सपोर्ट या कौन्सिलच्या वाहतूक संस्थेकडे होतं आणि त्यातले अधिकार कौन्सिल आणि बोर्डांकडे द्यायचं सरकारने २०२४ च्या डिसेंबरात जाहीर केलं, त्यामुळे आत्ता कोणाकडे काय ते आधी विचारून घ्या.

लोकांचं चुकतं ते वेळेत. आपण जागे होतो निर्णय झाल्यावर. बोर्डाचा तीन वर्षांचा प्लॅन असतो आणि दर वर्षी गव्हर्निंग बॉडीबरोबर एक ॲग्रीमेंट होतं, त्या वर्षीचे पैसे कशावर जाणार ते त्यात ठरतं, आर्थिक वर्ष जुलैत सुरू होतं, म्हणून लोकांची मतं साधारण फेब्रुवारी-मार्चात मागवतात. क्रिकेटची पिच हवी असेल तर तेव्हाच लिहा, दहा घरांनी आपापल्या शब्दांत लिहिलेलं एकाच कॉपी-पेस्टपेक्षा बरं.

मीटिंगला जाऊन बोलताही येतं. पब्लिक फोरममध्ये, म्हणजे लोकांना बोलायला ठेवलेल्या वेळात, तीन मिनिटं मिळतात, डेप्युटेशन म्हणजे आधी वेळ मागून विषय मांडणं, ते घेतलं तर दहा, पण त्याला सात वर्किंग डे आधी विषय कळवावा लागतो. तीन मिनिटांत स्वतःची ओळख आणि आभार यातच एक मिनिट घालवू नका (आपल्याला सवय आहे!), पहिल्या वाक्यात काय हवंय ते सांगा. अजून एक, खरी चर्चा बऱ्याचदा आधीच्या वर्कशॉपमध्ये (मेंबर आणि स्टाफच्या बैठकीत) होऊन जाते आणि मीटिंगमध्ये नुसता ठराव होतो, म्हणून अजेंडा येण्याची वाट न बघता मेंबरला आधीच इमेल टाका.

ग्रँटचं गणपती मंडळवाले नेहमी विचारतात. बोर्डं कम्युनिटी ग्रँट देतात, रक्कम आणि अर्ज घेण्याच्या राउंडच्या तारखा प्रत्येक बोर्डाच्या वेगळ्या. धर्मप्रचाराला किंवा राजकारणाला पैसे मिळत नाहीत, त्यामुळे अर्जात पूजेचं बजेट लिहू नका, ढोल-ताशाचं वर्कशॉप, मुलांची मूर्ती बनवायची कार्यशाळा, हॉलचं भाडं, आणि मराठीबाहेरचे किती लोक येऊ शकतील हे लिहा. कार्यक्रम संपल्यावर हिशोब द्यायचा असतो, तो राहिला तर पुढच्या वेळी अडचण होते, बिलं जपून ठेवा.

मतदान दर तीन वर्षांनी, पोस्टाने, ऑक्टोबरमध्ये संपतं. पर्मनंट रेसिडेंट असाल आणि न्यूझीलंडमध्ये सलग एक वर्ष राहिला असाल तर नाव नोंदवून मत देता येतं, उभं राहायला मात्र सिटिझनशिप लागते. मतदानाचे कागद जुन्या भाड्याच्या घरी जातात, पत्ता आधी बदलून घ्या.