बंद डेटाबेस परवडला, रिकामा नको: वादळाआधीची तयारी

मे महिना लागायच्या आत ही तयारी उरकायची. जळगाव-भुसावळकडे पारा 45च्या घरात जातो, सर्व्हर रूमचा एसी दमतो, आणि मग रावेर-यावलची केळी आडवी करणारं वादळ येतं. जाताना ते लाइटही घेऊन जातं. आमच्या एमआयडीसीतल्या सर्व्हरांची मांडणी पपेट नावाचं सॉफ्टवेअर सांभाळतं आणि कुठल्या मशीनवर काय आहे याची नोंद पपेटडीबीत असते. त्याच्या खाली पोस्टग्रेस, म्हणजे ती नोंद प्रत्यक्ष साठवणारा डेटाबेस. ती नोंद गेली तर काय करायचं, ते आत्ताच, डोकं थंड असताना ठरवायला हवं.

आधी कागदावर दोन रकाने पाडा: आपोआप परत येणारं, आणि गेलं की गेलं. फॅक्ट्स (मशीनने स्वतःबद्दल दिलेली माहिती) आणि कॅटलॉग (त्या मशीनवर काय काय असावं याची यादी) पहिल्या रकान्यात. नेहमीच्या सेटिंगला प्रत्येक मशीनवरचा पपेटचा एजंट दर 30 मिनिटांनी धावतो, त्यामुळे कापणीनंतर फुटणाऱ्या केळीच्या पीलबागेसारखं ते पुन्हा उभं राहतं. एजंटच्या फेऱ्यांचे जुने रिपोर्ट दुसऱ्या रकान्यात. त्यांच्याखाली ठळक अक्षरात सर्टिफिकेट अथॉरिटीचं (मशीनना ओळखपत्र देणाऱ्या यंत्रणेचं) फोल्डर आणि ई-यामलची (पासवर्ड एन्क्रिप्ट करणाऱ्या साधनाची) खासगी किल्ली लिहा, कारण या दोन्ही गोष्टी डेटाबेसमध्ये नसतातच. अथॉरिटी गेली तर एकेका मशीनचं सर्टिफिकेट नव्याने काढत बसावं लागतं. किल्ली गेली तर गिटमध्ये, म्हणजे कोडच्या साठ्यात, एन्क्रिप्ट करून ठेवलेले पासवर्ड असून नसल्यासारखे. दोन्हींची एन्क्रिप्ट केलेली प्रत कुलपात आणि दुसऱ्या गावी असू द्या. आमची धुळ्याला असते.

रात्रीचा पीजी-डंप (पोस्टग्रेसची बॅकअप फाइल) घेत असाल तर चांगलंच, पण पोस्टग्रेसचे युजर त्यात येत नाहीत. ते पीजी-डंप-ऑलने वेगळे घ्यावे लागतात. चालू डेटाबेसचं फोल्डर नुसतं कॉपी करून त्याला बॅकअप समजू नका. रेड (एकच डेटा अनेक डिस्कवर) आणि रेप्लिका (दुसऱ्या सर्व्हरवरची चालती प्रत) यांच्यावरही विसंबू नका, चुकून पुसलेलं तिकडेही लगेच पुसलं जातं. डंपच्या फाइलचा आकार रोज सकाळी डोळ्यांनी बघा. गिटलॅब या कोड ठेवणाऱ्या कंपनीचं 31 जानेवारी 2017 चं, चुकून डेटाबेस पुसला गेल्याचं प्रकरण यासाठीच लक्षात ठेवावं: सर्व्हर पोस्टग्रेस 9.6 चा, डंप घेणारं साधन 9.2 चं, म्हणून डंप निघतच नव्हता आणि तसं सांगणारे मेलही पोचत नव्हते. योगायोगाने सहा तास आधी कुणीतरी हाताने घेतलेला स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) होता, त्यावर निभावलं. मधल्या सहा तासांचा डेटा गेलाच.

आता ज्यासाठी एवढं लिहायला घेतलं ते. पपेटडीबी बंद पडला तर फारसं बिघडत नाही. नवीन कॅटलॉग मिळत नाही, एजंट जवळचा जुना वापरतो. धोका आहे तो रिकामा डेटाबेस चालू करण्यात. मागे एका वादळी रात्री आमची डिस्क गेली. फॅक्ट्स येतीलच परत, म्हणून मी नवा कोरा डेटाबेस चालू केला आणि घरी गेलो. लोड बॅलन्सरच्या, म्हणजे येणारं काम मशीनांत वाटणाऱ्या सर्व्हरच्या, एजंटची पाळी लवकर आली. त्याने डेटाबेसला विचारलं, माझ्यामागे कोणकोण आहे? तोवर तीनच मशीननी हजेरी लावली होती. सकाळी एचएप्रॉक्सीची (लोड बॅलन्सरवरच्या सॉफ्टवेअरची) फाइल उघडली तर दर मशीनला एक अशा बारा ओळींच्या जागी तीन ओळी, आणि त्या तिघांवर सगळा भार येऊन तिघंही बसलेले. उरलेली नऊ मशीन धडधाकट होती, पण त्यांच्याकडे कुणी पाठवतच नव्हतं. पुढच्या फेरीत फाइल आपोआप भरायला हवी होती, पण लोड बॅलन्सरच्याच एजंटची फेरी मध्येच अडकून पडली होती. हे मला आजही लागतं, कारण बिघाड वादळाने केला नव्हता, माझ्या घाईने केला होता.

म्हणून क्रम लिहून रूमच्या दारावर चिकटवा. डेटाबेस चालू करण्याआधी लोड बॅलन्सर, मॉनिटरिंग, आणि दुसऱ्या मशीनची माहिती गोळा करणारं जे जे असेल, त्या सगळ्यांवर एजंटचं आपोआप धावणं बंद करा. मग बॅकअप चढवा. नसेलच तर कोरा चालू करा. बाकीच्या प्रत्येक मशीनवर एजंट एकदा धावू द्या. हजेरी मोजा. आकडा कागदावरच्या मशीनच्या आकड्याशी जुळला की लोड बॅलन्सरवर एजंट आधी नूप लावून, म्हणजे प्रत्यक्ष बदल न करता, चालवा, काय बदलणार ते वाचा, आणि एकही ओळ कमी होत नसेल तरच एजंट खुला करा.

हा सगळा खेळ एप्रिलमध्येच एका फालतू मशीनवर करून बघा आणि किती वेळ लागला ते क्रमाखाली लिहा. यूपीएसच्या बॅटऱ्या आणि रेड कार्डाची बॅटरी त्याच दिवशी तपासून घ्या, उन्हाळ्यात त्या लवकर मान टाकतात. आणि मशीनची यादी छापील ठेवा. त्या रात्री आमची यादी पपेटडीबीतच होती.