मूल वर्गात रमत नाही? आधी मोजा, मग बोला

"बाई, उदक पियेवन येऊं?" म्हणजे पाणी पिऊन येऊ का? गणिताच्या तासाला हा प्रश्न रोज यायचा, आणि तोही एकाच मुलाकडून. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या प्राथमिक शाळेत तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसतात. एका इयत्तेला लिहायला लावून दुसरीला शिकवताना वाद घालायला वेळ कुठला? "जा" म्हणून मी मोकळी व्हायचे. याला गणिताची आवड नाही, हे माझ्या मनाने केव्हाच ठरवून टाकलं होतं. ते साफ चुकलेलं निघालं, आणि ते कळायला तीन रकाने आखलेला एक कागद पुरला.

ही रीत वर्तन विश्लेषणातली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांवर ती उभी आहे. वागण्याच्या आधी काय घडतं आणि वागल्यावर मुलाच्या पदरात काय पडतं, हे पाहायचं. मुलाचा स्वभाव बदलायला जायचं नाही. त्या दोन गोष्टींपैकी आपल्या हातातली जी असेल, ती बदलायची.

सुरुवात शब्दांपासून करा. "लक्ष नसतं", "आळशी आहे" हे शब्द कागदावर नकोत, कारण ते मोजता येत नाहीत. "सांगितल्यावर दहा सेकंदांत वही उघडतो", "प्रश्न विचारल्यावर हात वर करतो" असं लिहा. दुसऱ्या शिक्षिकेने खिडकीतून पाहिलं तर तिलाही तेच दिसलं पाहिजे.

मग मोजणी. शिकवता शिकवता सतत नोंद ठेवणं कुणालाच जमत नाही, म्हणून हा सोपा मार्ग. २० मिनिटांत दर २ मिनिटांनी, घड्याळ पाहून, त्या क्षणी मूल कामात आहे की नाही एवढंच पाहायचं आणि टिक किंवा फुली करायची. दहा नोंदी होतात. असे चार-पाच दिवस, काहीही न बदलता. गावची जत्रा असेल किंवा चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीवरून मुलं नुकतीच परतली असतील, तर ते दिवस धरू नका. त्या दिवसांत आपलंच चित्त ठिकाणावर नसतं.

त्याच दिवसांत तीन रकाने भरा: आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. माझ्या कागदावर पहिल्या रकान्यात चार दिवस एकच गोष्ट आली, शाब्दिक उदाहरण. नुसत्या वजाबाकीला पठ्ठ्या जागचा हलत नव्हता. तिसऱ्या रकान्यात चारही दिवस माझंच उत्तर होतं, "जा". म्हणजे उदाहरण टाळायची सोय मीच त्याला करून देत होते!

मूल असं का करतं, याची उत्तरं साधारण चार असतात: कुणीतरी आपल्याकडे पाहावं म्हणून, नको असलेलं काम टळावं म्हणून, एखादी वस्तू किंवा खेळ मिळावा म्हणून, नाहीतर ते करण्यातच त्याला बरं वाटतं म्हणून. उपाय कारणावरून ठरतो. काम टाळणाऱ्याला वर्गाबाहेर उभं करणं हे त्याच्यासाठी बक्षीसच. मात्र त्याआधी मुलाला फळा नीट दिसतो का, ऐकू येतं का, घरून खाऊन आलं आहे का, हे पाहून घ्या. मधल्या सुट्टीतल्या पाव-भाजीच्या आधीचा तास आणि नंतरचा तास यांत फरक पडतो, हे कुठल्याही बाईला विचारा.

माझ्या बाबतीत अडचण भाषेची निघाली. "बागायतदाराने ७५ नारळांपैकी ४८ विकले, किती शिल्लक राहिले?" यातला 'शिल्लक' त्याला कळत नव्हता. घरी सगळे कोंकणी बोलतात. "कितले उरले?" म्हटल्याबरोबर पाटीवर २७ आले. मग मी दोन गोष्टी केल्या. अवघड शब्द आधी तोंडी घ्यायला लागले, आणि पाण्याला जायचं ते दोन उदाहरणं झाल्यावर, असं ठरलं. खरी तहान मात्र कधीही अडवायची नाही.

सगळा वर्गच थंड असेल तर एकेकाला उभं करून विचारणं सोडा, त्यात बाकीचे पंचवीस जण मोकळेच असतात. सगळ्यांनी पाटीवर उत्तर लिहून एकदम वर धरायचं. गटांचा खेळही चालतो. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात चौथीच्या वर्गाचे दोन गट केले होते. नियम मोडला की फळ्यावर त्या गटाच्या नावे खूण, आणि दोन्ही गट ठरल्या मर्यादेत राहिले तर दोघेही जिंकले. ही शेवटची अट विसरू नका, नाहीतर हरणारा गट एकाच मुलावर खापर फोडतो.

शाबासकी देताना "छान" पुरत नाही. "न सांगता वही उघडलीस" असं म्हणा. स्टिकरांवर माझा फारसा भरवसा नाही. द्यायचेच तर आधी प्रत्येक वेळी द्या, मग अधूनमधून, आणि हळूहळू बंद करा.

बदल केल्यावर पुन्हा तीच मोजणी, तेवढेच दिवस. पहिले काही दिवस वागणं बिघडलेलंही दिसू शकतं. जुनी युक्ती चालेना म्हणून मूल कधीकधी ती जास्त जोराने करून पाहतं. तिथे कंटाळून पुन्हा "जा" म्हटलंत, तर आणखी जोर लावला की काम होतं, एवढंच ते शिकतं. माझ्या कागदावर दहापैकी तीन टिका होत्या, तिसऱ्या आठवड्यात सात झाल्या. पाण्याला तो अजून जातो, पण वही पुरी करून.