हायड्रोमीटर कसा वापरावा आणि त्याची अचूकता कशी तपासावी

हायड्रोमीटर म्हणजे द्रवात तरंगत ठेवून त्याची घनता मोजणारी, आत आकड्यांची पट्टी असलेली काचेची बंद नळी. तिच्या आकड्यावर विसंबण्यापूर्वी ती तपासून घेणे आवश्यक आहे, कारण नळीतली कागदी पट्टी किंचित सरकली तरी प्रत्येक मोजमाप चुकते आणि ते नुसते पाहून लक्षात येत नाही.

प्रथम पट्टीवर छापलेले संदर्भ तापमान आणि एकक वाचावे. २० अंश सेल्सिअसच्या शुद्ध पाण्यात ग्रॅम प्रति मिलिलिटर दाखवणारा हायड्रोमीटर ०.९९८ दाखवतो, तर त्याच तापमानाच्या पाण्याशी तुलना करून विशिष्ट गुरुत्व दाखवणारा १.००० दाखवतो. हा फरक ध्यानात न घेतल्यास निर्दोष उपकरणही सदोष वाटू शकते.

नळी साबणाने धुऊन पुसावी आणि त्यानंतर फक्त वरच्या टोकाला धरावी, कारण बोटांचा तेलकटपणा लागलेल्या काचेवर द्रव सारखा चढत नाही. उंच, पुरेशा रुंद पात्रात ती हळूच सोडून किंचित फिरवावी, म्हणजे चिकटलेले बुडबुडे सुटतील. ते राहिले तर नळी वर उचलली जाते आणि आकडा जास्त येतो. उलट, वरच्या दांड्यावर थेंब राहिले तर वजन वाढून आकडा कमी येतो.

वाचन घेताना डोळा आधी द्रवाच्या पातळीखाली ठेवून सावकाश वर न्यावा. लंबगोल दिसणारा पृष्ठभाग ज्या क्षणी सरळ रेषा होतो, तिथला आकडा घ्यावा. काचेलगत वर चढलेली कड धरू नये.

तपासणीसाठी ऊर्ध्वपातित पाणी २० अंशांवर आणून पहिले वाचन घ्यावे. मग १० ग्रॅम शुद्ध, कोरडे मीठ ९० ग्रॅम पाण्यात पूर्ण विरघळवावे. २० अंशांवर या द्रावणाची घनता १.०७१ ग्रॅम प्रति मिलिलिटर, म्हणजेच विशिष्ट गुरुत्व १.०७३ असते. माझ्या मते हे दुसरे वाचन कधीच टाळू नये. दोन्ही ठिकाणी जवळपास तेवढाच फरक आला तर पट्टी सरकलेली असण्याची शक्यता असते आणि तोच फरक प्रत्येक वाचनातून वजा करता येतो. फरक वेगवेगळे आले तर आलेखकागदावर दोन्ही बिंदू जोडून मधल्या आकड्यांची दुरुस्ती काढावी. या बिंदूंच्या पलीकडे मात्र ती रेषा वाढवू नये, त्यासाठी अधिक मीठ घालून तिसरे द्रावण करावे. दुरुस्तीचे आकडे तारखेसह चिठ्ठीवर लिहून उपकरणाच्या डबीत ठेवावेत.