चार-चारची मोजणी अंगात कशी मुरवावी

पाश्चात्त्य नोटेशनमध्ये क्लेफच्या (ओळीच्या सुरुवातीला सुरांची जागा ठरवणाऱ्या खुणेच्या) पुढे एकावर एक असे दोन ४ दिसतात. हा अपूर्णांक नव्हे. वरचा ४ म्हणजे एका बारमध्ये (दोन उभ्या रेघांमधल्या भागात) चार बीट, म्हणजे ठोके; खालचा ४ म्हणजे प्रत्येक बीट क्वार्टर नोटची, म्हणजे होल नोटच्या (पूर्ण सुराच्या) पाव भागाची. काही ठिकाणी आकड्यांऐवजी इंग्रजी ‘सी’सारखी खूण असते. ती ‘कॉमन टाइम’मधली ‘सी’ असं बरेच जण धरून चालतात, पण ते खरं नाही. मध्ययुगीन युरोपात तिनाच्या विभागणीला पूर्ण वर्तुळ काढत आणि दोनाच्या विभागणीला अर्धवट. हे तेच अर्धवट वर्तुळ. त्याला उभी रेघ मारलेली असेल तर मात्र बारमध्ये हाफ नोटच्या (दोन क्वार्टर नोटएवढ्या सुराच्या) दोनच बीट मोजायच्या.

आधी वाद्य बाजूला ठेवा. मेट्रोनोम (एकसारखे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा, पायाने ठोका द्या आणि मोठ्याने म्हणा: एक, दोन, तीन, चार. ‘चार’नंतर श्वास घ्यायला थांबू नका; बहुतेकांची लय तिथेच तुटते. जमलं की वजन द्या: ‘एक’ ठसठशीत, ‘तीन’ त्याहून थोडा हलका, ‘दोन’ आणि ‘चार’ अगदी अलगद. हे वजन नसेल तर ती नुसती आकडेमोड राहते.

मग एट्थ नोटसाठी (अर्ध्या बीटच्या सुरासाठी) ‘एक-आणि-दोन-आणि’ म्हणा. पाय खाली टेकताना आकडा, वर उचलताना ‘आणि’.

लांब सुरांकडे जास्त लक्ष द्या. होल नोट चार बीटची असते, म्हणून ‘चार’ म्हणताच सूर सोडून देण्याचा मोह होतो. पण मग चौथी बीट वाजलीच कुठे? सूर पुढचा ‘एक’ येईपर्यंत धरायचा असतो. हाफ नोटही तशीच: ‘एक’वर सुरू झाली तर ती ‘तीन’ला सुटते.

आता एखादं पॉप किंवा रॉक गाणं लावा. स्नेअरचा (ड्रमसेटमधल्या एका ड्रमचा) कडक आवाज बहुधा ‘दोन’ आणि ‘चार’वर पडतो, नवशिके त्यालाच ‘एक’ समजतात. चुकल्यासारखं वाटलं तर कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट) कुठे बदलते ते ऐका, ‘एक’ बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

शेवटी गती ८० ची ठेवून मेट्रोनोम मात्र ४० वर लावा. त्याचा ठोका फक्त ‘एक’ आणि ‘तीन’ला पडेल, मधलं तुम्ही सांभाळायचं. तेही जमलं की तेच ठोके ‘दोन’ आणि ‘चार’ समजून मोजा.